खिडकीची ओळख आणि खिडकीची मांडणी : 'ऑटोहॉटकी' या स्क्रिप्टभाषेची एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकावर काम करणाऱ्या व्यक्तीचा बराचसा वेळ प्रत्यक्ष कामात न जाता कामाची मांडामांड करण्यात जातो. एक विंडो पुढे आणणे, दुसरी बाजूला सारणे, तिसरी शोधणे ही कृती दिवसातून असंख्य वेळा घडते. परंतु तिची गणना श्रमात कोणीही करीत नाही. हे श्रम यंत्रावर सोपविण्याचा एक मार्ग म्हणजे स्क्रिप्ट. उघड्या असलेल्या विंडो ओळखून त्या ठरलेल्या जागी बसविण्याच्या सूचना स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवता येतात व एका कळीसरशी त्या अमलात आणता येतात. 'ऑटोहॉटकी' ही विंडोज या कार्यप्रणालीवरील अशा प्रकारची सर्वपरिचित मुक्तस्रोत स्क्रिप्टभाषा होय. प्रस्तुत लेखात तिच्या खिडकीविषयक आज्ञांची चिकित्सा केली आहे. 'विंडोज' हे कार्यप्रणालीचे नाव असल्याने होणारा घोटाळा टाळण्यासाठी पडद्यावरील विंडोला लेखात सर्वत्र 'खिडकी' असे म्हटले आहे.

अशा स्क्रिप्टविषयीचे लेखन बहुधा मार्गदर्शनपर असते. कोणती आज्ञा कशी लिहावी एवढेच त्यात सांगितलेले असते. स्क्रिप्ट ही एक संहिता आहे आणि संहितेला जे प्रश्न विचारले जातात ते तिलाही विचारता येतात, ही दृष्टी त्यात क्वचितच आढळते. ही संहिता कोणाला उद्देशून लिहिली आहे, ती कशाला नाव देते, ती काय गृहीत धरते, हे प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) खिडक्यांची मांडणी हा वापरकर्त्याच्या श्रमाचा भाग कसा झाला याचा मागोवा घेणे.
२) ऑटोहॉटकीमध्ये खिडकी ओळखण्याची जी साधने आहेत त्यांची बलस्थाने व मर्यादा तपासणे.
३) देवनागरी लिपीतील शीर्षकांच्या संदर्भात या साधनांचा विचार करणे.
४) अन्य कार्यप्रणालींनी याच प्रश्नाला दिलेल्या उत्तरांशी तुलना करणे.

पूर्वपीठिका :

पडद्यावर खिडक्या एकमेकींवर ठेवण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात आकाराला आली. तेथील 'अल्टो' हा संगणक १९७३ मधील. १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशने ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत नेली. मात्र १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत मुख्य खिडक्या एकमेकींवर ठेवता येत नव्हत्या. त्या फरशांप्रमाणे शेजारी शेजारी बसत आणि त्यांची जागा यंत्र ठरवीत असे. १९८७ मधील दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर येऊ लागल्या.

या बदलाकडे सोयीची वाढ म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्याबरोबर एक जबाबदारीही हस्तांतरित झाली. फरशांच्या रचनेत मांडणी यंत्राकडे होती; आच्छादनाच्या रचनेत ती माणसाकडे आली. झाकलेली खिडकी शोधणे हे नवे काम निर्माण झाले. पुढे विंडोज ७ मध्ये २००९ साली खिडकी पडद्याच्या कडेला नेताच ती अर्धा पडदा व्यापेल अशी सोय झाली. विंडोज ११ मध्ये २०२१ साली तयार आराखडे आले, तर ॲपलच्या मॅक संगणकांवर अशी सोय २०२४ साली प्रणालीतच अंतर्भूत झाली. आच्छादनाने माणसावर टाकलेले काम यंत्राने पुन्हा अंशतः आपल्याकडे घ्यावे, हा प्रवास या साऱ्यांतून दिसतो. ऑटोहॉटकीसारख्या भाषांनी हेच काम त्याआधी वापरकर्त्याच्या स्वतःच्या अटींवर करून दाखविले होते, हे त्यांचे पहिले श्रेय होय.

ऑटोहॉटकीचे स्वरूप :

ख्रिस मॅलेट यांनी २००३ साली ऑटोहॉटकी प्रसिद्ध केली. 'ऑटोइट' या आधीच्या स्क्रिप्टभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचे वळण तिच्यात स्पष्ट दिसते. पुढे स्टीव्ह ग्रे यांनी वाढविलेली शाखा १.१ या क्रमांकाने मुख्य प्रवाह बनली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती स्थिर स्वरूपात उपलब्ध झाली.

या भाषेतील खिडकीविषयक आज्ञा 'विन' या अक्षरांनी सुरू होतात. 'विनएक्झिस्ट' खिडकी आहे की नाही ते सांगते, 'विनवेट' ती उघडेपर्यंत थांबते, 'विनॲक्टिव्हेट' तिला पुढे आणते आणि 'विनमूव्ह' तिला ठरलेल्या जागी ठरलेल्या आकारात बसविते. नाट्यसंहितेशी तुलना केल्यास या आज्ञा म्हणजे रंगसूचना आहेत : अमुक पात्राने प्रवेश करावा, अमुक पात्राने डावीकडे उभे राहावे. मात्र एक मूलभूत फरक आहे. नाटकात पात्रांना नावे नाटककारच देतो. येथे मात्र खिडकीला नाव दुसऱ्याच कोणी दिलेले असते आणि ते केव्हाही बदलू शकते. स्क्रिप्टलेखकाला परक्याने ठेवलेल्या नावांवर आपली संहिता उभी करावी लागते. या भाषेच्या सामर्थ्याचा व दौर्बल्याचा उगम येथेच आहे.

ओळखीचा प्रश्न :

खिडकी ओळखण्याची चार प्रमुख साधने ऑटोहॉटकीत आहेत : शीर्षक, वर्ग, प्रक्रिया आणि कार्यप्रणालीने दिलेला क्रमांक. यांपैकी शीर्षक सर्वांत सुलभ, कारण ते डोळ्यांना दिसते. नवशिक्याची पहिली स्क्रिप्ट शीर्षकावरच बेतलेली असते. परंतु शीर्षक हे मुळात माणसाने वाचण्यासाठी लिहिलेले असते. यंत्राने ओळखण्यासाठी नव्हे. उघडलेल्या दस्तऐवजाबरोबर ते बदलते. ब्राउझरमध्ये तर ते समोरच्या पानाबरोबर बदलते, म्हणजे खिडकीचे नाव त्या पानाचा कर्ता ठरवितो. कोणतेही पान हवे ते शीर्षक धारण करू शकत असल्याने ते ओळखीचा पुरावा ठरू शकत नाही.

नोटपॅडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विंडोज १० च्या काळात झालेल्या एका सुधारणेनंतर, जतन न केलेला बदल असल्यास नोटपॅडच्या शीर्षकाच्या आरंभी तारांकन दिसू लागले. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही स्वागतार्ह सोय होती. परंतु ऑटोहॉटकीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षक जुळविण्याची मूळ रीत 'दिलेल्या अक्षरांनी सुरुवात होणे' ही होती. त्यामुळे एका तारांकनाने कालपर्यंत चालणाऱ्या स्क्रिप्ट निरुपयोगी ठरू शकत होत्या. दुसऱ्या आवृत्तीत मूळ रीत बदलून 'दिलेली अक्षरे शीर्षकात कोठेही असणे' अशी करण्यात आली. यामुळे तारांकनाची अडचण दूर झाली. परंतु चुकीची खिडकी जुळण्याची शक्यता वाढली. 'गुण' या शब्दाने शोध घेणारी स्क्रिप्ट गुणपत्रक, गुणवत्ता यादी आणि गुणदान योजना या तिन्हींना सारखेच ओळखते. संपूर्ण शीर्षक तंतोतंत जुळविण्याची रीत दोन्ही आवृत्तींत आहे, पण ती निवडावी लागते. आपोआप मिळणाऱ्या रीतीत सोयीला नेमकेपणापेक्षा वरचे स्थान दिले गेले आहे, असे म्हणणे भाग आहे.

वर्ग हे साधन तुलनेने स्थिर आहे. ते आज्ञावलीच्या कर्त्याने आतून ठरविलेले असते आणि भाषांतरित होत नाही. परंतु त्याचीही विश्वासार्हता ओसरत गेली आहे. क्रोम ब्राउझर ज्या पायावर उभा आहे त्याच पायावर अनेक आज्ञावल्या आज बांधल्या जातात आणि त्या सर्वांच्या खिडक्या एकच वर्गनाम धारण करतात. विंडोज १० मधील गणकयंत्रासारख्या आज्ञावल्यांच्या खिडक्यांची चौकट तर एका सामाईक प्रक्रियेच्या नावावर असते. म्हणजे वर्ग आणि प्रक्रिया दोन्ही पाहूनही नेमकी आज्ञावली कोणती ते कळत नाही. क्रमांक मात्र संदिग्ध नसतो. पण तो खिडकीच्या आयुष्यापुरताच असतो. ती बंद झाल्यावर तो दुसऱ्या खिडकीला मिळू शकतो. म्हणून तो आज लिहून उद्या वापरता येत नाही.

या चर्चेतून एक गोष्ट स्पष्ट होते. टिकाऊ असून नेमकी अशी खिडकीची ओळख अस्तित्वातच नाही. जी नेमकी आहे ती टिकत नाही आणि जी टिकते ती नेमकी नसते. हा दोष केवळ ऑटोहॉटकीचा नव्हे. तथापि तो झाकण्याची वृत्ती तिच्या पहिल्या आवृत्तीत निश्चितपणे होती.

मौनाचा दोष :

हा मुद्दा एका कल्पित पण परिचित प्रसंगाने स्पष्ट करता येईल. परीक्षा विभागातील एक कर्मचारी डावीकडे गुणांची तक्तापत्रिका आणि उजवीकडे नोंदणीचा अर्ज मांडतो व एकेक गुण एका खिडकीतून दुसरीत नेणारी स्क्रिप्ट लिहितो. स्क्रिप्ट प्रथम अर्जाची खिडकी पुढे आणते आणि मग कळफलकाच्या कळा पाठविते. एखाद्या दिवशी अर्जाचे शीर्षक बदलते. पहिल्या आवृत्तीत खिडकी सापडली नाही तर पुढे आणण्याची आज्ञा काहीही न बोलता पुढील ओळीकडे जात असे. कळा मात्र पाठविल्या जात, आणि त्या जी खिडकी त्या क्षणी पुढे असेल तिच्यात उमटत. म्हणजे एका विद्यार्थ्याचे गुण मूळ तक्त्यातच दुसऱ्याच्या रकान्यात लिहिले जाणे शक्य होते आणि त्याची कोठेही नोंद राहत नसे.

येथे मांडणीतील चूक राहत नाही; ती लेखनातील चूक होते, आणि तिचा भार जिच्याकडे स्क्रिप्टची माहितीही नाही अशा त्रयस्थ व्यक्तीवर पडतो. दुसऱ्या आवृत्तीत खिडकी न सापडल्यास आज्ञा त्रुटी उपस्थित करते व स्क्रिप्ट तेथेच थांबते. वाक्यरचनेतील अन्य सुधारणांची चर्चा अधिक होते. परंतु समीक्षेच्या दृष्टीने दुसऱ्या आवृत्तीतील सर्वांत मोलाचा बदल हाच होय. अयशस्वी झाल्याचे कबूल करणारी संहिता ही चुपचाप पुढे जाणाऱ्या संहितेपेक्षा अधिक प्रामाणिक असते. तरीही चुकीची खिडकी सापडली तर मात्र त्रुटी उपस्थित होत नाही, ही मर्यादा उरतेच.

देवनागरी शीर्षकांचा प्रश्न :

शीर्षकावर आधारलेली ओळख भाषेला बांधलेली असते. विंडोज, लिबरऑफिस, फायरफॉक्स यांना मराठी आवरण उपलब्ध झाले आहे. आवरण बदलले की अनेक आज्ञावल्यांची शीर्षके बदलतात आणि इंग्रजी शीर्षके गृहीत धरून लिहिलेली स्क्रिप्ट त्या संगणकावर निकामी होते. इंग्रजी आवरण हेच सर्वत्र असणार, हे या प्रकारच्या स्क्रिप्टचे न बोललेले गृहीतक आहे.

लिपीचा अडसर याहून मूलगामी होता. ऑटोहॉटकीचा आरंभीचा अवतार युनिकोडपूर्व संकेतनावर चालणारा होता आणि विंडोजच्या त्या जुन्या संकेतपत्रकांत देवनागरीसाठी जागाच नव्हती. देवनागरी शीर्षक त्या स्क्रिप्टपर्यंत पोहोचे ते प्रश्नचिन्हांच्या रूपात. म्हणजे अशी खिडकी पडद्यावर असूनही संहितेच्या दृष्टीने अनामिक होती. १.१ या शाखेत युनिकोडचा आधार आल्यावर हा अडसर दूर झाला. तरी स्क्रिप्टची फाइल योग्य संकेतनात जतन न केल्यास तिच्यातील देवनागरी अक्षरे विस्कटत. दुसऱ्या आवृत्तीने यूटीएफ-८ हेच मूळ संकेतन मानले आणि ही अडचणही संपविली.

तथापि एक सूक्ष्म अडचण शिल्लक आहे आणि ती खास मराठीची आहे. 'अधिकाऱ्यांची यादी' या शीर्षकातील 'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होऊ शकते : एकदा खास 'ऱ' वापरून आणि एकदा साध्या 'र'नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. यंत्राला ती दोन वेगळी शीर्षके असतात. एका कळफलकाने नाव दिलेली फाइल दुसऱ्या कळफलकाने लिहिलेल्या स्क्रिप्टला सापडत नाही आणि लेखकाला शुद्धलेखनाची कोणतीही चूक दिसत नाही. मराठी माणसाने फाइलला रोमन लिपीतच नाव देण्याची जी सवय लावून घेतली तिच्यामागे असे अनुभवही असणे स्वाभाविक आहे. अशा परिस्थितीत वर्ग व प्रक्रिया यांवर आधारलेली ओळख ही मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने केवळ शैलीची निवड नसून गरज ठरते.

मांडणीचे गणित :

ओळखीच्या तुलनेत मांडणीचा भाग सोपा आहे. चार संख्या पुरतात : डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्याचे दोन समान भाग करावयाचे तर रुंदी ९६० येते. पण येथेही गृहीतके आहेत. तळाशी असलेली कार्यपट्टी वजा करावी लागते. विंडोज १० पासून खिडकीभोवती काही पिक्सेलची अदृश्य कड असल्याने गणित अचूक असूनही दोन खिडक्यांमध्ये फट दिसते. मुख्य पडद्याच्या डावीकडे दुसरा पडदा जोडलेला असेल तर तेथील अंतरे ऋण होतात. म्हणून स्थिर संख्या लिहिण्याऐवजी पडद्याचे उपलब्ध क्षेत्र विचारून त्याच्या प्रमाणात मांडणी करणारी स्क्रिप्टच दुसऱ्याच्या संगणकावर टिकते. त्यासाठी लागणारी साधने भाषेत आहेत. कमतरता असते ती लेखकाच्या दक्षतेची.

अन्य प्रणालींशी तुलना :

ॲपलने १९९३ साली आणलेल्या 'ॲपलस्क्रिप्ट'ने वेगळी वाट निवडली. तेथे प्रत्येक आज्ञावलीने आपला शब्दकोश पुरवावा आणि स्क्रिप्टने त्या शब्दांत बोलावे अशी अपेक्षा होती. आरंभी फ्रेंच व जपानी भाषांतील आज्ञारूपेही देण्यात आली होती. पुढे ती सोडून देण्यात आली. स्क्रिप्ट स्वभाषेत लिहिण्याची शक्यता एकदा प्रत्यक्षात आली होती, ही नोंद भारतीय भाषांच्या संदर्भात दखलपात्र आहे. मात्र ओळखीचा प्रश्न तेथेही सुटला नाही. 'पहिली खिडकी' म्हणजे सर्वांत पुढची खिडकी. एका टिचकीने पहिली ही दुसरी होते. २०१८ पासून मॅकवर एका आज्ञावलीने दुसरीला आज्ञा देण्यापूर्वी वापरकर्त्याची संमती घ्यावी लागते.

लिनक्सवर दीर्घकाळ प्रचलित असलेल्या 'एक्स' प्रणालीत 'डब्ल्यूएमकंट्रोल', 'एक्सडूटूल' यांसारखी साधने कोणत्याही खिडकीला हलवू शकत. परंतु त्याच मोकळीकीमुळे कोणतीही आज्ञावली दुसरीवर पाळत ठेवू शकत होती. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केलेल्या 'वेलँड'ने हे दार बंद केले. तेथे सामान्य आज्ञावलीला दुसऱ्या खिडक्या दिसत नाहीत, इतकेच नव्हे तर आपली स्वतःची खिडकी पडद्यावर कोठे आहे हेही कळत नाही. मांडणीचा अधिकार पडदा रचणाऱ्या मध्यवर्ती घटकाकडे गेला. त्या घटकाने स्वतःची स्क्रिप्टसोय दिली असेल, जशी 'केविन' किंवा 'स्वे' यांनी दिली आहे, तर मांडणी करता येते. पण एकासाठी लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्यावर चालत नाही.

या तिन्हींच्या तुलनेत विंडोज व पर्यायाने ऑटोहॉटकी मोकळीकीच्या टोकाला आहे. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रक्रियेला अधिक अधिकाराच्या खिडकीशी व्यवहार करता येत नाही, एवढेच बंधन तेथे महत्त्वाचे आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने वेलँडची भूमिका समर्थनीय आहे यात शंका नाही. परंतु आपल्याच मेजावरील कागद कोठे ठेवावेत हे ठरविण्याचा अधिकार सुरक्षिततेच्या नावाखाली मेजाच्या मालकाकडूनच काढून घेणे हा त्यावरील उपाय असू शकत नाही. परक्या आज्ञावलीने डोकावणे आणि मालकाने स्वतःच्या स्क्रिप्टद्वारे मांडणी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संमतीची पद्धत हा भेद निदान मान्य करते. म्हणून ती या दोन टोकांपेक्षा अधिक न्याय्य वाटते.

निष्कर्ष :

१) खिडक्यांच्या स्वयंचलनातील खरी अडचण मांडणीची नसून ओळखीची आहे. टिकाऊ व नेमकी अशी ओळख कोणत्याही प्रमुख प्रणालीने दिलेली नाही.
२) शीर्षकाला ओळख मानणे ही सोय आहे, पुरावा नव्हे. प्रक्रिया व वर्ग प्रथम, शीर्षक त्यानंतर, आणि खिडकी एकदा निश्चित झाल्यावर त्या सत्रापुरता तिचा क्रमांक, असा क्रम अधिक सुरक्षित ठरतो.
३) खिडकी न सापडल्यास थांबणे हा दुसऱ्या आवृत्तीतील बदल तिचे प्रमुख गुणवैशिष्ट्य मानावा. शीर्षक जुळविण्याची शिथिल मूळ रीत ही मात्र तिची उणीव होय.
४) देवनागरी शीर्षकांना तांत्रिक प्रवेश मिळाला असला तरी समान दिसणाऱ्या भिन्न संकेतनांचा प्रश्न शिल्लक आहे. मराठी कार्यालयांसाठी स्क्रिप्ट लिहिताना त्याचा विचार अपरिहार्य आहे.
५) पडदा हे काम करणाऱ्याचे मेज आहे. त्याची मांडणी करण्याचा त्याचा अधिकार मान्य करून त्यावर संमतीचे बंधन घालणे हीच योग्य दिशा होय.

ऑटोहॉटकीचे मोल तिच्या चातुर्यात नाही. संगणकशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या कर्मचाऱ्यालाही चार ओळींत आपले मेज आवरता येते, यात तिचे मोल आहे. परंतु त्या चार ओळींत दुसऱ्या कोणाचे गुण, कोणाचे वेतन, कोणाचा अर्ज गुंतलेला असू शकतो. म्हणून स्क्रिप्टने काही हलविण्यापूर्वी आपण कोणाला हलवीत आहोत याची खात्री करून घ्यावी, ही अपेक्षा तांत्रिक असली तरी तिचे स्वरूप मूलतः नैतिक आहे.